महिन्याचं वाणसामान ऑनलाइन मागवावं की गल्लीतल्या दुकानातून? बेळगावकडच्यांनी अनुभव सांगा

टिळकवाडीची_सून

नमस्कार मंडळी. हा विषय आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

आमच्या घरात सध्या वाणसामानावरून दोन पक्ष पडलेत. मी आणि नवरा एका बाजूला, सासूबाई दुसऱ्या बाजूला, सासरे जो चहा करून देईल त्याच्या बाजूला. मी शाळेत शिकवते, नवऱ्याची उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्ट, त्यामुळे यादी घेऊन दुकानात उभं राहायला दोघांनाही वेळ नसतो. साबण, कपड्याची पावडर, बिस्किटं, पॅड असलं मी अॅपवरनं मागवतेच. आता म्हणतेय अख्खी यादीच तिकडं हलवावी, तांदूळ डाळ तेल साखर गूळ शेंगा सगळं. सासूबाई म्हणतात त्या दुकानात आपलं खातं माझ्या लग्नापासनं आहे आणि डाळ हातात घेऊन बघितल्याशिवाय घ्यायची नसते.

मी हिशेब मांडून बघितला, पाकीटबंद मालात अॅप स्वस्त पडतंय आणि सुट्ट्या मालात दुकान. पण मला नुसता पैशाचा हिशेब नकोय. खराब माल आला तर काय करता, म्हातारी माणसं घरात एकटी असताना डिलिव्हरी कशी जमवता, आणि आपल्याकडं खरंच वेळेवर येतं का, ते अनुभवाने सांगा. पुण्यामुंबईचे अनुभव वाचून कंटाळा आलाय.

गल्लीतला_पोरगा

वेळेवर येतं की. फक्त तुमचं घर दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं पाहिजे.

शेंगाचटणी

@गल्लीतला_पोरगा +१. अॅपवर दाखवतंय '३ मिनिटांत पोचतोय' आणि तो गडी गेटापाशी मालगाडीचे डबे मोजत उभा. तेवढ्यात आपण आईस्क्रीम मागवलेलं असतंय.

अनगोळकर_सध्या_बेंगळूर

ताई, म्हाताऱ्या माणसांचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय. आई-बाबा अनगोळात दोघंच. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी इथे बसून त्यांचं सामान मागवतो. पैसे मी इथूनच भरतो म्हणजे दारात रोखीचा, सुट्ट्या पैशाचा प्रश्न नाही. पत्त्यात फोन नंबर आईचा. ओटीपी लागलाच तर तो माझ्याकडे येतो, आई फोन करून विचारते. हे जमायला महिनाभर गेला, आता सुरळीत आहे.

सुरुवातीला आईला वाटायचं परक्या माणसाला घरात कसं घ्यायचं. घ्यायचंच नाही, दाराबाहेर स्टूल ठेवलंय त्याच्यावर ठेवून जातो. आणि भाषेची काळजी मी उगाच केली. पोरगा फोनवर कन्नडमध्ये विचारतो 'मनी यल्लि ऐत्री?' (घर कुठे आहे?), आई त्याला कन्नडमध्ये पत्ता सांगते, दारात आल्यावर तो मराठीत 'काकू, पाणी द्या की जरा' म्हणतो.

अडचण वेगळीच आहे. आधी बाबा रोज दुकानात जायचे, अर्धा तास तिथल्या बाकावर बसून पेपर वाचायचे, कोण आजारी कोण वारलं सगळं कळायचं. आता पाय बरा झालाय तरी जात नाहीत, कारण सामान घरात येतं. मग मीच गूळ, चिरमुरे आणि फुटाणे अॅपवर मागवायचे बंद केले आणि त्यांना सांगितलं की तिथे मिळत नाहीत. जातात आता.

निवृत्त_गुरुजी

अनगोळकर, शेवटचा परिच्छेद आवडला. बाकी सगळ्याशी असहमत.

धागाकर्तीने पैशाचा हिशेब नको म्हटलं तरी एक मुद्दा मांडतो कारण तो बहुतेकांना ठाऊक नसतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पीठ यांच्यावर ५ टक्के जीएसटी आहे. दुकानदार पोत्यातून सुटं मोजून देतो त्यावर तो कर नाही. अॅपवर सुटं काही नसतंच, सगळं पाकिटात, म्हणजे तांदूळ-डाळीवर तुम्ही न चुकता कर भरता. तरी स्वस्त कसं दाखवतात? साबण-तेलावर सूट दाखवून गिऱ्हाईक आत घ्यायचं आणि डाळीत वसूल करायचं. वरून हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पाऊस पडला की पावसाचं शुल्क. बेळगावात पावसाचं शुल्क लावायचं म्हणजे जून ते सप्टेंबर चार महिने पगारवाढ घ्यावी लागेल.

ऑफिसमधून_वाचक

गुरुजी, कांदे किलोभर आणायला रविवार पेठेत गाडी कुठे लावायची ते पण सांगा. पार्किंगला अर्धा तास, परत येताना खडेबाजारात ट्रॅफिक, पेट्रोल, आणि हमाली मीच. ती हाताळणी शुल्कात धरली का? 🙂

निवृत्त_गुरुजी

@ऑफिसमधून_वाचक गाडी कशाला, पिशवी घेऊन चालत जायचं. मी जातो.

ऑफिसमधून_वाचक

तुम्ही निवृत्त आहात.

येळ्ळूरचं_शिवार

तांदळाचं बोलूलाय म्हणून लिवतो. तुमी लोकं अॅपवर 'बेळगाव बासमती' म्हणून काय काय मागवता देव जाणे. आमच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारात पिकायचा तो वासाचा तांदूळ आता किती लोक करूल्यात? उंच वाढतोय, वारा-पाऊस आला की लोळतोय, उतारा कमी, म्हणून पोरं इंद्रायणी नायतर दुसरं काहीतरी लावतात. त्यात हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन गेली ती वेगळीच. मग एवढा बासमती येतोय कुठनं? विचार करा.

दुसरं, पाकिटावर जी तारीख असतीया ती पॅकिंगची, भात कापल्याची न्हवं. तांदूळ नवा का जुना ते पाकीट सांगत नाही. नवा असला तर भात गिच्च होतोय, पाणी कमी घालूचं लागतंय. दुकानदाराला विचारा, तो सांगतोय 'मागच्या सुगीचा हाय'. आमच्याकडनं सरळ घ्या म्हटलं तर एक क्विंटल घेऊन ठेवायला तुमच्या फ्लॅटात जागा नाही म्हणता. मग चारजणी मिळून घ्या की.

टिळकवाडीची_सून

@येळ्ळूरचं_शिवार दादा, चारजणी मिळून घ्यायची कल्पना छान आहे, शाळेत विचारते. तुमचा नंबर इथे टाकू नका, मेसेज करते.

शेंगाचटणी

बायपासवर गाडी गेली. आता सीमाप्रश्न किती प्रतिसादांनी येतोय बघू. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (पॉपकॉर्न गणपत गल्लीतनं सुटे आणलेत, जीएसटी नाही.)

शिनोळीकर

घ्या, मीच आणतो.

आम्ही शिनोळीचे. चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. दवाखाना बेळगाव, बाजार बेळगाव, पोरांचं कॉलेज बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगाव. मोबाईलवर बेळगावातली दुकानं दिसतात पण पत्ता टाकला की 'तुमच्या भागात सेवा नाही'. मोठ्या कंपन्यांचं पार्सल येतं ते कोल्हापूरकडनं फिरून. बेळगाव अर्ध्या तासावर आणि माझी कपड्याची पावडर शंभर किलोमीटरवरनं येणार. हुतात्म्यांच्या आत्म्याला काय वाटत असेल.

व्यवस्थापक

सूचना : सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, त्यातले दोन कुलूपबंद आहेत ते का याचा विचार करावा. इथे डाळ-तांदळावर बोला. शिनोळीकरांचा प्रतिसाद ठेवतोय कारण त्यात पावडर आहे.

शहापूरचा_दुकानदार

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. माझं शहापुरात वाणसामानाचं दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. नाव सांगत नाही, जाहिरात नको.

ताईंनी विचारलं खराब माल आला तर काय. माझ्या गिऱ्हाइकाच्या डाळीत किडे निघाले तर तो डबा घेऊन येतो, मी बदलून देतो, पावती पण विचारत नाही. का, तर तो माणूस उद्या परत येणार आहे आणि न आला तर मला रस्त्यात दिसणार आहे. यात चांगुलपणा किती आणि लाज किती ते मला पण सांगता येणार नाही.

आता दुसरी बाजू. साबण, शांपू, बिस्किटं, चहा यात आम्ही अॅपशी टिकू शकत नाही हे खरं आहे. मला वितरकाकडनं जो माल ज्या दराने मिळतो त्याच्यापेक्षा कमी दराने तो अॅपवर विकायला असतो. मी स्वतः ऑफर लागली की तिथनं मागवतो आणि दुकानात ठेवतो, ओळखीचे बरेच जण करतात. हसू नका. वितरकांच्या देशपातळीवरच्या संघटनेने याबद्दल स्पर्धा आयोगाकडे तक्रार केलीय, की कंपन्या अॅपवाल्यांना वेगळा दर देतात आणि ते तोट्यात विकतात. तिचं काय व्हायचं ते होईल, माझं दुकान तोवर चालायला पाहिजे.

म्हणून मी मधे व्हॉट्सअॅपवर यादी घ्यायला लागलो. रात्री यादी पाठवा, सकाळी भाचा स्कूटरवर पोचवतो. शहापूर, वडगाव, खासबागपर्यंत पैसे घेत नाही. अक्षर नीट लागत नाही अशा आजींचा तर फोटो पण नको, त्या आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, 'मागच्या वेळची हरभऱ्याची डाळ शिजेना झाली होती, ती नको देऊस'. हे कुठल्या अॅपला सांगणार.

आणि खातं. वही अजून आहे माझ्याकडे. पगार पाच तारखेला होतो आणि सामान एक तारखेला लागतं, मधल्या चार दिवसांचा तो धंदा आहे. बुडवणारे पण असतात. पण नोकरी सुटलेल्या माणसाला दोन महिने तांदूळ मीच दिलेत. अॅपवर आता 'नंतर पैसे द्या' आलंय, तारीख चुकली की दंड लागतो. माझ्याकडे नुसतं बायको तोंड वाकडं करते.

गल्लीतला_पोरगा

दुकानदार काका, मग तुमच्याकडं यूपीआय चालतं का? आमच्या गल्लीत गेल्या खेपेला सगळ्यांनी स्कॅनर काढून 'फक्त रोख'ची पाटी लावली होती.

शहापूरचा_दुकानदार

@गल्लीतला_पोरगा ते जुलै २०२५ चं. कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयवरची जमा बघून जीएसटीच्या नोटिसा आल्या होत्या. वर्षाला ४० लाखांच्या वर माल विकला तर नोंदणी लागते हे खरं, पण त्या जमेत दूध, भाजी, सुटा तांदूळ असा कर नसलेला माल पण मोजला गेला, कुणाकुणाच्या भावाने पाठवलेले पैसे पण. पुढं सरकारने सांगितलं जुनी वसुली करत नाही, मग शांत झालं. आता माझ्याकडं चालतं. भीती थोडी राहिलीच, खोटं कशाला बोलू.

खानापूरकर_जंगलवाले

आमच्याकडं चर्चाच नाही. पत्ता टाकला की अॅप म्हणतंय 'लवकरच येतोय'. गेली कित्येक वर्षं लवकरच येतंय. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात लाईट येईना झालीय तर आईस्क्रीम कुठलं. रविवारी खानापूरच्या बाजारात या, ताजं मिळतंय.

निपाणीची_तंबाखू

शहापूरच्या दुकानदारांनी उधारीचं लिहिलं, त्यात आमच्या भागाचं जोडतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडं अर्धं गाव ऊस बिलावर चालतं. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायला पाहिजे, देतात का ते शेतकऱ्याला विचारा. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दरासाठी गुर्लापूरला आंदोलन झालं, टनाला ३५०० मागितले, ३३०० वर मिटलं. त्या सगळ्या काळात गावातली चूल कुणाच्या जिवावर पेटली? वाण्याच्या. बिल आलं की आधी सोसायटी, मग वाणी, मग बाकी. हा व्यवहार दहा मिनिटवाल्यांना झेपायचा नाही, त्यांना झेपवायचा पण नाही.

पण मी वाण्याची आरती ओवाळत नाही. उधारीवाल्या गिऱ्हाइकाला भाव चढा लावणारे, जुना माल त्यालाच खपवणारे, काट्यावर बोट ठेवणारे सगळे बघितलेत. रोखीने घेणाऱ्याला बदलून मिळतं, वहीवाला गप्प बसतो. त्यामुळे माझी सून मोबाईलवरनं मागवते तेव्हा मी काही बोलत नाही. निदान छापील किमतीत तरी तिला कोण फसवत नाही.

निवृत्त_गुरुजी

निपाणीकर, काट्यावर बोट ठेवणारा दुकानदार दिसतो तरी. पाचशे ग्रॅमच्या पाकिटाचं तीच किंमत ठेवून साडेचारशे करणारा कुठं दिसतो?

ग्राहक_जागा_आहे

गुरुजी, त्यासाठी पाकिटावर आता दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव पण छापलेला असतो, बारीक अक्षरात. तो बघायचा, पाकिटाचा आकार नाही. अॅपवर फोटो मोठा करून बघा.

ताईंच्या 'खराब माल आला तर' याला थोडं कायद्याचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलंय की घरी पोचताना मालाचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक पाहिजेत. त्यामुळे पुढच्या आठवड्यात मुदत संपणारं पीठ आलं तर सरळ परत करा, दारातच. पिशवी त्या पोराच्या समोर उघडता आली नाही तर निदान तो गेल्यावर लगेच उघडा, फोटो काढा, रात्री नको. उशीर केला की तक्रारीचं बटणच गायब होतं. आणि पैसे परत घेताना बघा, बँकेत येतात का त्यांच्या 'वॉलेट'मध्ये. वॉलेटमध्ये आले म्हणजे परत तिथेच खर्च करायचे.

दुसरं, न मागितलेली वस्तू टोपलीत आपोआप टाकणं, शेवटच्या पानावर शुल्क उघड करणं, या सगळ्याला ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे, असे १३ प्रकार त्यात दिलेत. मनाई आहे म्हणजे बंद झालंय असं नाही. दोन रुपयांचं दान, एक रुपयाची पिशवी, खूण आधीच केलेली असते, काढून टाका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि अनगोळकर, तुमच्या आईला हे नक्की सांगा. गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधायचा नाही. आमच्या ओळखीतल्या आजोबांनी खराब दुधाचे पैसे परत मागायला असा नंबर लावला, पलीकडच्याने एक अॅप घ्यायला लावलं आणि खातं साफ. दुधाच्या पिशवीच्या भांडणात पेन्शन जायची. तक्रार फक्त अॅपच्या आतूनच. आणि घडलंच तर लगेच १९३०.

अनगोळकर_सध्या_बेंगळूर

@ग्राहक_जागा_आहे हे आत्ताच आईला फोन करून सांगतो. धन्यवाद. १९३० फ्रिजवर चिकटवायला लावतो.

शेंगाचटणी

तक्रार अॅपच्या आतून म्हणता, पण आत माणूसच नाही हो. मी लिहिलं 'कोथिंबीर काळी पडलीय', तो यंत्रमानव म्हणतो 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो'. अरे माझ्या भावना नको समजू, कोथिंबीर बघ.

दोन_चाकी

मी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, संध्याकाळी डिलिव्हरी करतो. कंपनीचं नाव काढत नाही. सगळे आमच्याबद्दल बोलूलाय म्हणून आमच्या बाजूने पण थोडं.

दहा मिनिटं म्हणजे मी दहा मिनिटं गाडी चालवतो असं नसतंय. गोडाऊन जवळच असतं, दोन-तीन किलोमीटरच्या आत, तिथं सामान भरायलाच पहिली दोन-तीन मिनिटं जातात. उरलेल्यात मी. गाडी माझी, पेट्रोल माझं, मोबाईल माझा, पाऊस पण माझाच. पावसात ऑर्डरमागे थोडे जास्त मिळतात म्हणून पावसातच जास्त फिरावं लागतं. गुरुजी म्हणाले ते पावसाचं शुल्क सगळं आमच्याकडं येत नाही एवढं सांगतो.

सगळ्यात मोठा ताप पत्त्याचा. बेळगावात मारुती गल्ली किती आहेत माहीत आहे का? शहरात एक, आणि आजूबाजूच्या उपनगरात-गावात बघाल तिथे एक. लक्ष्मी गल्ली तशीच. लोक नुसतं 'मारुती गल्ली, देवळाजवळ' लिहितात. मारुती गल्लीत देऊळ असणारच की वो. नकाशावर खूण नीट आपल्या दारावर ठेवा, आणि घराचं नाव, रंग, पुढं आंब्याचं झाड असलं तर ते लिहा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर दोन पाच-पाच लिटरचे तेलाचे कॅन मागवता तेव्हा खाली यायची तयारी ठेवा. उशीर झाला म्हणून एक तारा देता, त्याने आमचे पैसे कमी होतात. गेट तुम्ही रोज बघता ना?

कर्नाटकात २०२५ मध्ये आमच्यासारख्यांसाठी कायदा झालाय, कंपन्यांनी आमच्या कमाईच्या १ ते ५ टक्क्यांइतकं शुल्क कल्याण निधीत भरायचं. ऐकून बरं वाटलं, माझ्या हाताला अजून काय लागलं नाही.

टिळकवाडीची_सून

@दोन_चाकी भाऊ, हे वाचून आमच्या पत्त्यात लगेच 'निळं फाटक, शेजारी गिरण' असं लिहिलं.

ऑफिसमधून_वाचक

दोन_चाकी, अभ्यास कर रे बाबा. आणि हेल्मेट.

मसाल्याचा_डबा

एक सगळे विसरले. मिरची!

तुम्ही अॅपवरनं तिखटाची पूड मागवता का? माझ्या मते हा एकच माल असा आहे जो पाकिटात घेऊच नये. ब्याडगीत पण डब्बी आणि कड्डी वेगळी, डब्बी बुटकी-फुगीर, रंगाला, तिखटपणा कमी, कड्डी लांब आणि सुरकुतलेली. संकेश्वरी वेगळी, ती झणका देते. आमच्याकडं ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला असं मिसळून, उन्हात कडकडीत वाळवून, डंकावर कुटून आणतात. पाकिटावर 'ब्याडगी' लिहिलेलं असतं, आत कुठली आणि कितवी कोण जाणे. ब्याडगीला २०११ पासून भौगोलिक मानांकन आहे, ते नाव कुणी पण छापावं असं नाही, पण छापतात. देठासकट अख्खी घ्या, हातात मोडून बघा, मोडली पाहिजे, वाकली नाही पाहिजे. वाकली म्हणजे पाणी मारून वजन वाढवलंय, वर्षभरात बुरशी.

हे मोडून बघायचं काम फोटोवर कसं करणार? तुमच्या सासूबाई डाळीबद्दल म्हणतात ते मला मिरचीच्या बाबतीत शंभर टक्के पटतं.

निवृत्त_गुरुजी

शेवटी कुणीतरी सासूबाईंच्या बाजूने बोललं.

निपाणीची_तंबाखू

मसालेबाई, डाळ पण तशीच बघायची असते. तूर कलबुर्गीची घेतली तर पाण्यात टाकून बघा, पॉलिश केलेली असली तर पाणी गढूळ होतं. पण हे पाकिटातल्या डाळीत घरी पण बघता येतं, त्याला दुकानात कशाला जायचं. एकदा एक ब्रँड चांगला लागला की तो तसाच येत राहतो. दुकानात पोतं बदललं की डाळ बदलते.

मसाल्याचा_डबा

हे मात्र खरं आहे. मागच्या पोत्यातली डाळ दीड शिट्टीत शिजायची, आताची चार शिट्ट्यांना पण हट्ट सोडेना.

ग्राहक_जागा_आहे

आता मूळ प्रश्नावर येऊ का? ताईंनी विचारलं होतं अख्खी यादी हलवावी का. इथल्या प्रतिसादांतून मला तरी 'अख्खी' याला कुणाचा पाठिंबा दिसत नाही, गुरुजींचा विरोध तर साबणापासून सुरू होतो.

निवृत्त_गुरुजी

साबण मी शहापूरच्याच दुकानातून घेतो. चार रुपये जास्त देतो. माझी पेन्शन, माझा साबण.

टिळकवाडीची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. रात्री सासूबाईंना निवडक प्रतिसाद वाचून दाखवले. गुरुजींचे वाचताना त्या मान हलवत होत्या, शहापूरच्या काकांचं 'शिजेना झाली होती, ती नको देऊस' ऐकून म्हणाल्या हे मी पण सांगते की.

आमचं असं ठरतंय, साबण-पावडर-चहा-बिस्किटं-तेल अॅपवर, ते पण महिन्यातून एकदाच एकत्र, म्हणजे छोट्या ऑर्डरचं शुल्क नाही. डाळी, गूळ, शेंगा, रवा, पोहे आमच्याच दुकानातून, खातं चालू ठेवून. त्यांनाच विचारणार आहे व्हॉट्सअॅपवर यादी घेता का. घेणार नाहीत म्हणाले तर मात्र परत वाद होणार, कारण दुकानात उभं राहायला मला वेळ नाही तो नाहीच. तांदूळ येळ्ळूरच्या दादांकडनं, शाळेतल्या तिघी तयार झाल्यात, चौथी म्हणतेय आधी वास घेऊन बघते. पंचवीस पंचवीस किलो वाटून घेऊ. दादा, जुना आहे ना?

भाजी आम्ही कधीच ऑनलाइन घेतली नाही आणि घेणार पण नाही. सकाळी दारात हातगाडी येते, त्यात कडीपत्ता फुकट असतो.

येळ्ळूरचं_शिवार

ताई, इंद्रायणी मागच्या सुगीचा हाय, तीन पोती. बासमती थोडाच हाय, घरात खाऊचा, त्यातला पाच किलो देतो बघायला. शनिवारी टेम्पो टिळकवाडीकडनं जातोय, त्यात टाकतो. डिलिव्हरी फ्री, पण दहा मिनिटात न्हवं.

शहापूरचा_दुकानदार

ताई, तुमच्या दुकानदाराला सांगा की व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये मालाची यादी भावासकट टाकता येते, मुलाला सांगितलं तर अर्ध्या तासात करून देईल. आणि पहिल्या महिन्यात सगळी यादी एकदम पाठवू नका, तो घाबरेल.

मसाल्याचा_डबा

आणि मिरची? मार्च-एप्रिलमध्येच घेऊन ठेवायची, पाऊस लागला की वाळत नाही. वडगावकडचा कुठला डंक चांगला आहे कुणी सांगेल का, आमच्या नेहमीच्याने या वर्षी बंद केलाय.

गल्लीतला_पोरगा

मसालेताई, आमच्या आईला विचारून सांगतो. तिच्या डंकवाल्याकडं नंबर लावावा लागतोय, उन्हाळ्यात चार-चार दिवस. ऑनलाइन बुकिंग नाही.